काळ्या दगडाच्या खाणीत भिंत आखताना: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खडीच्या खाणीत नवा आलेला इंजिनीअर आधी दगडाची ताकद विचारतो. घट्ट बेसाल्टची दाबताकद बहुधा १०० मेगापास्कलच्या वर असते आणि १५ मीटर भिंतीचा तळाशी येणारा दाब अर्धा मेगापास्कलही भरत नाही. म्हणजे दगड चिरडून भिंत पडत नाही, ती सांध्यांवरून, म्हणजे दगडातल्या नैसर्गिक भेगांवरून पडते. म्हणून सुरुवातीचे दिवस प्रयोगशाळेत घालवू नका, होकायंत्र घेऊन भिंतीपाशी जा.

प्रत्येक सांध्याचा उतार, त्याची दिशा आणि आत काय भरलंय ते नोंदवा. टेप एकाच भिंतीवर लावली तर तिला समांतर असलेले सांधे नोंदीत येतच नाहीत. काटकोनातल्या दुसऱ्या भिंतीवरही मोजा. पोकलेनजवळ मोजू नका, लोखंडामुळे सुई फसवते.

सांधा खड्ड्याच्या बाजूला उतरता, भिंतीपेक्षा कमी तिरपा, पण घर्षणकोनापेक्षा (ज्या उताराला दगड घसरू लागतो तो कोन) जास्त तिरपा असेल आणि सांधा व भिंत यांच्या दिशेत २० अंशांच्या आतच फरक असेल, तर वरचा दगड घसरणार. स्वच्छ, खरबरीत सांध्याचा घर्षणकोन साधारण ३५ ते ४० अंश धरतात. आत चिकणमाती असेल तर तो निम्म्यावरही येतो. दोन सांधे एकमेकांना छेदून पाचर सुटते, तीही तपासा.

दख्खनच्या खाणींत खरी मेख आहे दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यात, म्हणजे रेड बोलमध्ये. तो जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे घसरणीच्या गणितात निरुपद्रवी दिसतो. पण उघडा पडला की उन्हापावसात भुगा होऊन झडतो, वरच्या बेसाल्टचा पाया पोकळ होतो आणि उभ्या भेगांनी सुटे झालेले खांब पुढे कोसळतात. म्हणून बर्म, म्हणजे भिंतीच्या दोन टप्प्यांमधली सपाट आडवी पायरी, बोलच्या माथ्यावरच ठेवा. मग वरची भिंत त्याच्या उघड्या कडेपासून मागे राहते. बेंचची (भिंतीच्या एका टप्प्याची) उंची नकाशावर सारखी दिसावी म्हणून बोल भिंतीच्या मधोमध सोडणं ही सर्रास होणारी चूक आहे.

बर्मच्या रुंदीसाठी सुरुवातीला उंचीच्या ०.२ पट अधिक ४.५ मीटर हे सूत्र धरा. १० मीटर बेंचला ६.५ मीटर येतात. भिंत ७५ अंशांची असेल तर एकूण उतार सुमारे ४७ अंश. वरच्या मुरुमाला हा हिशेब लागू नाही. १९६१ च्या मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्सनुसार तिथे ४५ अंशांपेक्षा तीव्र उतार नको, नाहीतर दीड मीटरपर्यंत उंच आणि किमान तितकेच रुंद बेंच हवेत. काठापासून ३ मीटरांत झाड किंवा सुटा दगड ठेवायचा नाही, भिंत खालून पोखरायचीही नाही.

पावसाळ्याआधी माथ्यामागे चर खणा. माथ्याच्या भेगेत ३ मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ४४ किलोन्यूटन रेटा बसतो. ६ मीटरला दुप्पट नव्हे, चौपट.

शेवटच्या भिंतीलगत नेहमीचाच सुरुंग घेतला तर मागचे सांधे उघडतात आणि सगळी आखणी कागदावर राहते. तिथे प्री-स्प्लिट करा, म्हणजे मुख्य सुरुंगाआधी भिंतीच्या रेषेत भोकांची ओळ उडवून भेग पाडून घ्या: भोकांतलं अंतर व्यासाच्या १० ते १२ पट, दारू हलकी.

माथ्यावर भेग दिसली की दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून रोज अंतर मोजा. वाढ आदल्या दिवसापेक्षा जास्त निघाली, तर खालची माणसं आणि यंत्रं आधी बाहेर काढा. भेग का वाढली ते नंतर शोधता येईल.