धुतलेला बोल्ट पुन्हा मळतो कुठे? या चुका टाळा

वॉशिंगमधून निघालेला बोल्ट चकचकीत दिसला की आपण निर्धास्त होतो. पण बोल्टसोबत यंत्रात जाऊन व्हॉल्व्ह अडकवणारा कण मिलिमीटरच्या काही दशांशाएवढा असतो, नुसत्या नजरेला सहसा सापडत नाही. खेर्डी, लोटे, मिरजोळे भागातल्या शॉपमध्ये मी पाहिलेला बराचसा कचरा धुताना राहिलेला नव्हता, धुतल्यावर आलेला होता.

सगळ्यात जास्त घात एअर गन करते. हवा मारल्याने कण नाहीसा होत नाही, शेजारच्या क्रेटवर जाऊन बसतो. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलेलं नसेल तर पाण्यासोबत टाकीतला गंजही भागावर फवारला जातो. कोकणातल्या पावसाळ्यात ते पाणी प्रत्येक पाळीला काढा.

पुठ्ठ्याचे खोके धुलाईच्या पलीकडे नेऊच नका. ते ओल धरतात, त्यांचे तंतू सुटतात. झाकणाचे प्लास्टिक क्रेट वापरा. भाग गरम असताना पिशवी बंद केली तर आत पाणी सुटतं, गंज धरतो, आणि गंजाची पूडही कणच असते. जस्ताचं प्लेटिंग केलेले बोल्ट सैल भरले तर घाटातल्या प्रवासात एकमेकांवर घासून खवले सुटतात. पिशवी लहान ठेवा, घट्ट भरा.

भागात चुंबकत्व उरलं असेल तर बारीक चिप्स (धातूचा कीस) कितीही धुतल्या तरी चिकटून राहतात. डीमॅग, म्हणजे हे चुंबकत्व काढणं, धुण्याआधीच करा.

आता तपासणी, जिथे आमचा जुलै महिना वाया गेला होता. आयएसओ १६२३२ या वाहनांच्या भागांच्या स्वच्छतेच्या मानकाच्या पद्धतीत भाग धुतलेला द्रव फिल्टरमधून गाळतात, फिल्टर वाळवून तोलतात, मोठे कण मायक्रोस्कोपखाली मोजतात. आमचं वजन रोज वेगळं यायचं आणि आम्ही दोष धुलाईला देत होतो. खरं तर फिल्टरच हवेतली ओल पीत होता. ओव्हनमधून काढलेला फिल्टर डेसिकेटरमध्येच (ओल शोषणारी सिलिका जेल ठेवलेलं बंद भांडं) थंड करा, गाळण्याआधी आणि नंतर तितकाच वेळ. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की बदला. भाग न ठेवता हीच चाचणी एकदा कोरी करा. तिचं वजन भागासाठी ठरलेल्या कचऱ्याच्या मर्यादेच्या १० टक्क्यांपुढे गेलं तर आधी भांडी आणि द्रव तपासा.

आणि तोललेला फिल्टर फेकू नका. तारीख, लॉट नंबर लिहून डबीत ठेवा, तक्रार आली की तिथला कण त्याच्याशी ताडून बघता येतो.