पावसाळ्यापूर्वी रबर बागेची तयारी: दक्षिण कोकण आणि गोव्यातील बागायतदारांसाठी सल्ला

रबराचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत राहतो; दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातील सत्तरी, सांगे या भागांत मात्र तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच जवळजवळ सगळा कोसळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होऊन नवी पालवी तयार होईपर्यंत झाडाला विश्रांती द्यावी लागते आणि कडक उन्हाळ्यात चीकही कमी होतो. त्यातच पावसाचे चार महिने टॅपिंग, म्हणजे सालीला चीर देऊन चीक काढणे, बंद ठेवले, तर चीक काढण्यासाठी फार थोडे दिवस उरतात. म्हणून आपल्या भागातील बागायतदाराने मे महिन्यातील कामांना वर्षातील सर्वांत महत्त्वाची कामे समजावे, आणि रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी ती पूर्ण करावीत.

यातले पहिले काम रेनगार्ड बसवण्याचे. टॅपिंगच्या चिरेच्या वर खोडाभोवती चुणीदार प्लास्टिकचा झगा बसवला, की खोडावरून ओघळणारे पाणी चिरेवर आणि चिकाच्या वाटीत उतरत नाही. झगा जिथे चिकटवायचा तिथली सुटी, मेलेली साल हलक्या हाताने खरवडून काढावी, परंतु हिरव्या सालीला इजा होऊ देऊ नये. त्या पट्ट्यावर डांबरयुक्त चिकटद्रव्य लावून त्यावर प्लास्टिक चुण्या घालत बसवावे, वरून पट्टी ताणून पिना माराव्यात आणि वरच्या कडेवर चिकटद्रव्याचा आणखी एक हात द्यावा. हे काम कोरड्या खोडावरच टिकते, त्यामुळे वळवाची सर येऊन गेली असल्यास खोड पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक झाड फिरून पाहावे. झग्याखाली पाण्याचा ओघळ दिसला तर ती जागा लगेच बुजवावी.

झगा बसवला म्हणजे सालीची काळजी संपली, असे अनेकजण मानतात आणि तिथेच नुकसान होते. झग्याखालची जागा दमट राहते, वारा कमी लागतो आणि ताज्या कापलेल्या सालीवर फायटोफ्थोरा ही बुरशी वाढण्यास पोषक स्थिती तयार होते. चिरेच्या वर, नव्याने भरून येणाऱ्या सालीवर उभ्या काळसर रेषा दिसणे हे या रोगाचे लक्षण आहे. दुर्लक्ष केल्यास साल कुजते, तिथे गाठी येतात आणि पुढे त्या पट्ट्यावर पुन्हा टॅपिंग करणे अवघड होते. यासाठी पावसाळाभर आठवड्यातून एकदा, त्या दिवशीचा चीक गोळा झाल्यावर, १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळून चिरेवर आणि तिच्या वरच्या पट्ट्यावर ब्रशने लावावे.

हीच बुरशी शेंगांवरून पानांच्या देठांवर पसरते आणि भर पावसात पाने हिरवी असतानाच गळून पडतात. गळलेल्या देठावर काळा डाग आणि त्यात साकळलेल्या चिकाचा ठिपका दिसतो. सुपारीवरील कोळेरोग ओळखणाऱ्या बागायतदारांना यातील धोका वेगळा सांगायला नको, कारण कारणीभूत बुरशी त्याच कुळातली आहे आणि उपायही तोच, म्हणजे पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५० लिटर पाण्यात, धातूचे नसलेल्या पिंपात वेगवेगळे कालवावेत, मग मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे. लोखंडी पाते त्यात बुडवल्यावर तांबूस थर बसला तर आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. फवारणीपूर्वी वाट्या काढून किंवा उपड्या घालून ठेवाव्यात, कारण चिकात तांब्याचा अंश गेला तर तयार रबर लवकर खराब होते.

दोन ते बारा वर्षांच्या झाडांची बेचके जुलै-ऑगस्टमध्ये नियमित तपासावीत. तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी वा गुलाबी वाढ आणि चिकाचे ओघळ दिसले, तर तो गुलाबी रोग आहे. सुरुवातीलाच १० टक्के बोर्डो मलम बेचक्यावर आणि त्याच्या खालीवर लावल्यास फांदी वाचते. आरआरआयआय १०५ या आपल्याकडे प्रचलित वाणावर हा रोग सहज येतो, त्यामुळे त्या बागांत विशेष लक्ष ठेवावे.

याच वाणाची आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. अति टॅपिंगने त्याची साल कोरडी पडते आणि चीक येणे थांबते. पावसाळी हवेत चीक बराच वेळ वाहतो, म्हणून रोज किंवा एक दिवसाआड चीर देण्याचा मोह होतो. तरी दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशीच चीर द्यावी, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. पात्याचा घाव लाकडापर्यंत जाऊ देऊ नये, आतल्या कोवळ्या थरापासून सुमारे १ मिलिमीटर साल राखावी. टॅपर नवा असेल तर मालकाने पहिले काही दिवस त्याच्यासोबत फिरावे. खोड ओले असताना चीर देऊ नये, मग तो दिवस वाया गेला तरी चालेल.

नवी लागवड जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर करावी. जांभ्या जमिनीतील उतार रबराला मानवतो, पण पाणी साचणारी मळ्याची जागा मानवत नाही. ७५ सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि खोलीचे खड्डे आधी भरून ठेवावेत, उतारावर समपातळी रेषेत मजगी (पायऱ्या) काढावी आणि पुएरारियासारखे शेंगवर्गीय आच्छादन पीक लावावे, म्हणजे माती वाहून जात नाही. लागवडीसाठी पडीक वरकस जमीन किंवा उत्पन्न न देणारी जुनी काजूबाग निवडावी. सह्याद्रीच्या उतारावरील जंगल तोडून रबर लावणे टाळावे. त्या जंगलावर खालच्या वाड्यांचे झरे अवलंबून आहेत, आणि सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर उच्च न्यायालयाने घातलेले निर्बंधही ध्यानात ठेवावे लागतील.

खताचा पहिला हप्ता वळवाच्या ओलाव्यावर द्यावा आणि मुसळधार पावसात खत देऊ नये. दुसरा हप्ता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, माती परीक्षणानुसार द्यावा.