डाव्या तर्जनीवरचं भोक: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने येणाऱ्यांसाठी

स्क्रब नर्स (ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात अवजारं देणारी) म्हणून ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, ओटीत लागले तेव्हा ग्लोव्ह चढवला की काळजी मिटली, असंच वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात मांडीच्या फ्रॅक्चरची केस अडीच तास चालली. शेवटी ग्लोव्ह काढले, तर डाव्या तर्जनीला रक्त. माझं नव्हतं, पेशंटचं होतं. भोक कधी पडलं, काही कळलं नाही. हा हात उघड्या हाडाजवळ किती वेळ फिरला असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

बहुतेक भोकं अशीच गुपचूप पडतात. उजव्या हाताने काम करणाऱ्यांची डावी तर्जनी सगळ्यात आधी सापडते. हाडाची टोकं, के-वायर (हाड जोडायची टोकदार तार), ड्रिल यांच्याजवळ हात गेला की बोटांकडे एकदा बघाच. नवा ग्लोव्हही पूर्ण खात्रीचा नसतो. कारखान्यात १००० मिली पाणी भरून गळती तपासतात, पण ती नमुन्यादाखल काढलेल्या ग्लोव्हजची.

म्हणून डबल ग्लोव्ह. आत हिरवा, वर नेहमीचा. वरच्याला भोक पडलं की ओल आत शिरते आणि तेवढ्या जागी हिरवा डाग उठून दिसतो. मला आतला अर्धा नंबर मोठा सोयीचा पडतो. सुरुवातीला बोटं बधिर वाटतात, धागा निसटतो. धीर धरा, सवय होते. बोन सिमेंट (कृत्रिम सांधा हाडाला घट्ट बसवायचा लगदा) हाताळलं की वरची जोडी बदला, त्यातलं द्रव रसायन लेटेक्समधून आत झिरपतं.

डाग दिसला की लगेच मोठ्याने सांगा: "सर, ग्लोव्ह बदलते." सर घाईत असले तरी. नव्या मुली इथेच गप्प बसतात, मीही बसायचे. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. हॉल्स्टेड यांनी रबरी ग्लोव्ह बनवून घेतले ते कॅरोलिन हॅम्प्टन या नर्ससाठी; जंतुनाशकाने तिच्या हातांची कातडी खराब झाली होती. नर्सच्या हातांसाठी आलेली ही वस्तू, ती बदलायला नर्सने का संकोचायचं?

सुई टोचलीच तर बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि ड्युटी संपायची वाट न बघता कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत तर हवीतच.