जुन्या प्रस्तावांत शोध घेण्याआधीची तयारी

साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांतून जीएमआरटीसाठी (पुण्याजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण) निरीक्षणाच्या वेळेचं प्रपोजल लिहायला घेणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांसाठी ही तयारी. आपल्या पिंडावर (ज्या तारा, तेजोमेघ किंवा दीर्घिकेकडे बघायचंय त्यावर) आधी कुणी दुर्बिणीचा वेळ घेतलाय का, हे पहिला मसुदा लिहिण्याआधी बघायचं, नंतर नाही. डेटा आधीच पडून असेल, तर पुन्हा निरीक्षण कशाला, हा प्रश्न येणारच.

जीएमआरटीच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या निरीक्षणांच्या साठ्यात, लॉगिन करून ठेवा. इंटरनेट, वही-पेन याबद्दल काय सांगायचं!

आता निर्देशांक, म्हणजे पिंडाची आकाशातली जागा सांगणारे आकडे: विषुवांश आणि क्रांती. हे नीट वाचा. नाव टाकून शोधू नका. क्रॅब तेजोमेघ कुणी एम१ लिहितो, कुणी एनजीसी १९५२, कुणी टॉरस ए, कुणी ३सी १४४. नोंदीत नाव बऱ्याचदा निरीक्षकानं टाइप केलं तसंच राहतं. एखादी स्पेस इकडची तिकडे झाली तरी जुळत नाही. यादी रिकामी येते आणि क्षेत्र मोकळं आहे असा समज होतो. सिम्बाद या खगोलीय पिंडांच्या ऑनलाइन सूचीवरून जे२०००चे (सन २००० धरून मोजलेले) निर्देशांक आणि सगळी पर्यायी नावं उतरवून घ्या. शोध निर्देशांकांनी, नावं फक्त पडताळणीला.

जे२०००चेच. जुन्या रेडिओ पेपरांत बी१९५०चे (सन १९५० धरून मोजलेले) असतात. पन्नास वर्षांच्या संपातचलनानं (पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो, त्यानं) क्रॅबची जागा सुमारे ४२ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकते, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबापेक्षा जास्त. विषुवांश तासांत मागितलाय की अंशांत, तेही बघा: क्रॅबचे ५ तास ३४ मिनिटं ३२ सेकंद म्हणजे ८३.६३ अंश. चुकून अंशांच्या चौकटीत ५.५८ टाकलं, तर आकाशाच्या भलत्याच भागात शोध जातो आणि फॉर्म चूकही दाखवत नाही. क्रांती उणे शून्य अंश ३० कला असेल, तर एक्सेलमध्ये शून्यापुढचं उणे गळतं. ते हातानं तपासा. आकडे इंग्रजी कीबोर्डनंच टाका.

आणि शोधाची त्रिज्या, म्हणजे त्या जागेभोवती किती अंतरापर्यंत शोधायचं ते! निर्देशांक बरोबर, पण त्रिज्या फॉर्ममध्ये आधीच भरलेली तशीच ठेवली, तर मेहनत वाया. जीएमआरटीचं दृष्टिक्षेत्र १४२० मेगाहर्ट्झला सुमारे २४ कला, ६१०ला ४३, ३२५ला ८०च्या आसपास. दुसऱ्या कुणी अर्ध्या अंशावरच्या दीर्घिकेकडे ३२५ला अँटेना रोखल्या असतील, तर तुमचा पिंड त्यांच्या चित्रात येऊन गेलाय, त्यांच्याच पिंडाच्या नावाखाली. नावानं तो जन्मात सापडणार नाही. म्हणून त्रिज्या किमान अर्ध्या दृष्टिक्षेत्राएवढी द्या, कमी वारंवारतेला मोठी. हबल अवकाश दुर्बिणीच्या अर्काइव्हमध्ये शोधत असाल तर उलट: तिच्या डब्ल्यूएफसी३ या उपकरणाच्या यूव्हीआयएस कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र जेमतेम २.७ कलांचं, तिथे मोठ्या त्रिज्येत नुसते शेजारी गोळा होतात.

धूमकेतू, लघुग्रह, ग्रह सरकतात. तेवढ्यांना नाव आणि अधिकृत क्रमांक. बाकी सगळ्यांना निर्देशांक. पुन्हा सांगतोय, निर्देशांक.

हबलच्या यादीत मंजूर प्रस्तावांचेच गोषवारे असतात. नाकारलेले दिसत नाहीत, त्यामुळे यादी रिकामी म्हणजे कल्पना नवी असं धरू नका. उलट, मंजूर झालं म्हणजे निरीक्षण झालंच असंही नाही. जीएमआरटीवर खराब अँटेना, रेडिओ गोंगाट, काहीही आड येतं. अर्काइव्हमध्ये प्रत्यक्ष डेटा आहे का, ते बघून मगच मोजा. जीएमआरटीचा डेटा १८ महिने प्रस्तावकाकडे राखीव असतो, तोपर्यंत फक्त नोंद दिसेल.

प्रत्येक नोंदीचा प्रोजेक्ट कोड, तारीख, वारंवारता, पिंडावरचा वेळ लिहून घ्या, आणि वापरलेली त्रिज्याही. लाइट जायच्या आत फाइल सेव्ह करा. जीएमआरटीची निरीक्षणाची सत्रं (सायकल) एप्रिल आणि ऑक्टोबरला सुरू होतात, अर्जाची मुदत त्याच्या बरीच आधी संपते. अर्ज पाठवण्याच्या आदल्या दिवशी तेच निर्देशांक, तीच त्रिज्या घालून एकदा परत शोधा.