एचबीसीयूतील पहिले वर्ष : करिअरच्या नियोजनात या चुका टाळा

अमेरिकेत १९६४ पूर्वी कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झालेल्या आणि ‘एचबीसीयू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे शंभर संस्था आहेत. त्यांपैकी टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे परिचित असते. दक्षिणेतील अशाच एका लहान महाविद्यालयात मी गणित शिकवतो आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा सल्लागार म्हणून काम पाहतो. दर ऑगस्टमध्ये विद्यार्थी नवे येतात, चुका मात्र जुन्याच असतात.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अवघड विषय कोणालाही न विचारता मध्येच सोडून देणे. एका विद्यार्थिनीला इंजिनिअर व्हायचे होते. तीन वर्षे आमच्याकडे आणि पुढची दोन अभियांत्रिकी विद्यापीठात, अशा दुहेरी पदवीच्या अभ्यासक्रमाला तिने प्रवेश घेतला होता. अटलांटातील मोरहाउस, स्पेलमन आणि क्लार्क अटलांटा येथेही असा अभ्यासक्रम आहे. पहिल्या सत्रात तिने १५ क्रेडिटचे विषय घेतले, त्यांत कॅल्क्युलस ४ क्रेडिटचे. दोन चाचण्यांत गुण कमी पडले, तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या सल्ल्याने तिने एका रात्री फोनवरूनच तो विषय सोडला. सोडलेल्या विषयाचा ‘डब्ल्यू’ हा शेरा सरासरीत धरत नाहीत, एवढे तिला ठाऊक होते. मात्र १५ मधून ४ गेल्यावर ११ उरतात आणि तिच्या शिष्यवृत्तीला सत्रात किमान १२ क्रेडिट पूर्ण करण्याची अट होती, याचा हिशेब कोणी केलाच नाही. जानेवारीत शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला. त्याहून मोठे नुकसान पुढे होते. कॅल्क्युलसशिवाय भौतिकशास्त्राला बसता येत नाही आणि आमच्यासारख्या लहान ठिकाणी भौतिकशास्त्राचा पहिला भाग फक्त वसंत सत्रात (जानेवारी ते मे) शिकवतात. त्यामुळे तीन वर्षांचे नियोजन चार वर्षांवर गेले. ‘पण डॉक, मी तर एकच विषय सोडला!’ असे ती म्हणाली, तेव्हा तो निर्णय फिरवण्याची वेळ केव्हाच उलटून गेली होती.

बहुतेकांचे घोडे कॅल्क्युलसमध्ये अडत नाही, बीजगणितात अडते, आणि ते तीन-चार आठवड्यांच्या नेटाच्या सरावाने सुधारते. शिकवणी केंद्रात संध्याकाळी खुर्च्या रिकाम्याच असतात. विषय सोडणे अगदीच भाग पडले, तर सत्राच्या उत्तरार्धात सुरू होणारा एखादा लहान विषय घेऊन १२ चा आकडा राखता येतो का, हे आधी पाहावे. मी प्रत्येक विद्यार्थ्याला समोर बसवून, तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यापासून मागे येत, कोणता विषय कोणत्या विषयावर अवलंबून आहे ते कागदावर बाण काढून लिहायला लावतो. संगणकावर याच कामाची सोय आहे, परंतु तेथे मुले बटण दाबतात आणि वाचत नाहीत.

‘पहिले सत्र रुळण्यातच जाते, पुढे भरून काढू’ हे वाक्यही मला ऐकवत नाही. पंधरा क्रेडिटांवर ४ पैकी २.२ सरासरी पडली, तर वर्षअखेर ३.० गाठण्यासाठी दुसऱ्या सत्रात तितक्याच क्रेडिटांवर ३.८ मिळवावी लागते. अनेक इंटर्नशिपसाठी ३.० ही किमान अट असते आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला अर्ज करताना दाखवायला हेच दोन सत्रांचे गुण हाताशी असतात.

शरद सत्रातील (ऑगस्ट ते डिसेंबर) करिअर मेळावा फक्त शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी असतो, हा गैरसमज. पुढच्या उन्हाळ्याच्या पुष्कळ जागा मोठ्या कंपन्या शरदातच भरतात, त्यामुळे मार्चमध्ये जागे होणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. प्रथम वर्षात तेथे नोकरी मिळेल असे नव्हे. परंतु कंपनीतर्फे येणारी व्यक्ती पुष्कळदा आपल्याच महाविद्यालयाची माजी विद्यार्थी असते आणि पुढच्या वर्षी चेहरा ओळखते. एआयकडून लिहून घेतलेला एकच अर्ज शेकडो ठिकाणी पाठवून देणाऱ्यांना ही ओळख कशी मिळणार? होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी महाविद्यालयात परत येतात त्या सोहळ्याच्या, आठवड्यात बँड आणि मेजवान्यांचा आनंद जरूर घ्यावा, पण विभागाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात तासभर तरी उभे राहावे.

कृष्णवर्णीयांच्या कृषी व तांत्रिक महाविद्यालयांना सरकारी मदत मिळवून देणाऱ्या १८९० च्या कायद्याशी जोडलेल्या १९ विद्यापीठांतील मुलांसाठी अमेरिकी कृषी खात्याची शिष्यवृत्ती १९९२ पासून आहे. शुल्क, निवास-भोजन आणि पुस्तकांबरोबर त्या खात्यात उन्हाळी कामाचा अनुभवही मिळतो. ‘शेती’ हा शब्द ऐकताच मुले पाठ फिरवतात. अन्नशास्त्र आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे विद्यार्थीही त्यात बसतात, हे वाचण्याइतका धीर त्यांना नसतो. यंदा अर्ज सुरू आहेत का, ते मात्र स्वतः तपासावे.

महाविद्यालयाची ईमेल रोज उघडावी.

राहिलेला विषय उन्हाळ्यात गावाकडच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी महाविद्यालयात, करता येतो, परंतु बहुतेक ठिकाणी तेथले क्रेडिट धरतात आणि श्रेणी सरासरीत धरत नाहीत, म्हणून सरासरी सुधारेल या आशेने ते करू नये. करायचेच असेल, तर रजिस्ट्रारची लेखी परवानगी मे महिन्यात घरी जाण्यापूर्वी घ्यावी.