ओपन सोर्स प्रकल्पाला पहिला बदल कसा पाठवावा

२००५ मध्ये बिटकीपर हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट वापरण्याची सोय बंद झाली आणि लिनक्सचं काम अडलं, तेव्हा लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्सने त्याच कामासाठी गिट लिहिलं. अनोळखी माणसांना एकाच कोडवर काम करता यावं, म्हणून त्यात प्रत्येकाकडे सगळ्या इतिहासाची प्रत असते. (कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाका.)

आधी प्रकल्पातली ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ ही फाइल वाचा, बदल कसे पाठवायचे ते तिच्यात असतं. लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बदल आजही ईमेलने पॅच म्हणून, म्हणजे बदललेल्या ओळींचा मजकूर म्हणून जातात. खाली दिलेली रीत गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवरच्या प्रकल्पांसाठी आहे.

प्रकल्प फोर्क करा, म्हणजे गिटहबवर त्याची स्वतःची प्रत काढा, आपला फोर्क ‘गिट क्लोन’ने संगणकावर उतरवून घ्या आणि मूळ रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि इतिहास) ‘अपस्ट्रीम’ नावाने रिमोट, म्हणजे दूरची प्रत, म्हणून जोडा. मेन ब्रँचला, म्हणजे कामाच्या मुख्य शाखेला, हात लावू नका. ‘गिट स्विच -सी’ने वेगळी ब्रँच काढा. एका ब्रँचमध्ये एकच काम. जाता जाता दिसलेली स्पेलिंगची चूक दुसऱ्या ब्रँचमध्ये.

आता कमिट, म्हणजे बदल संदेशासह इतिहासात नोंदवणं. नवखे घाई करतात ती इथेच. ‘गिट ॲड -पी’ प्रत्येक तुकडा दाखवून घ्यायचा का विचारतं, त्यामुळे तपासणीसाठी टाकलेल्या प्रिंटच्या ओळी बाहेर राहतात. संदेशाची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत बसवा, एक ओळ मोकळी सोडा, मग कारण लिहा. काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या फरकात, दिसतंच. का बदललं, हे वर्षभराने कोड वाचणाऱ्याला फक्त संदेशातून कळणार. नुसतं ‘फिक्स’ लिहिलेला कमिट माझ्या मते अर्धवटच.

पाठवण्याआधी ‘गिट फेच अपस्ट्रीम’ने मूळ प्रकल्पातले नवे बदल आणा, मग ‘गिट रीबेस अपस्ट्रीम/मेन’ने आपले कमिट त्यांच्यावर पुन्हा बसवा. त्याच ओळी दुसऱ्या कुणी बदलल्या असतील तर कॉन्फ्लिक्ट येईल, म्हणजे कोणता बदल ठेवायचा ते गिट तुम्हालाच विचारेल. घाबरू नका. फाइलमध्ये बरोबरच्या (=) चिन्हांच्या रांगेच्या वर एक आवृत्ती आणि खाली दुसरी दिसते. दोन्ही वाचून हवा तो मजकूर ठेवा, खुणांच्या ओळी पुसा, ‘गिट ॲड’ करा आणि ‘गिट रीबेस --कंटिन्यू’ द्या. गोंधळ वाढला तर ‘--अबॉर्ट’ने सगळं पूर्ववत होतं.

मग पुश करा, म्हणजे ब्रँच आपल्या फोर्कवर चढवा, आणि पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) उघडा. संबंधित इश्यूचा (प्रकल्पात नोंदवलेल्या अडचणीचा) क्रमांक द्या, बदल कसा तपासला तेही लिहा. उत्तराला वेळ लागू शकतो, कारण पुष्कळ मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) नोकरी सांभाळून हे काम करतात. सुधारणा सुचवल्या तर नवी रिक्वेस्ट उघडू नका. त्याच ब्रँचवर कमिट करून पुश केलं की जुनीच अद्ययावत होते. आधी पुश केलेली ब्रँच रीबेस केली असेल तर साधा पुश नाकारला जातो, तेव्हा ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरा, तेही फक्त स्वतःच्या ब्रँचवर.