दिवसा सूर्य, रात्री तारे: वेधशाळेत जाण्याआधीची तयारी

तारीख ठरवताना आधी चंद्र बघा, सुट्टीचं नंतर. पौर्णिमेच्या आसपास आकाश इतकं उजळतं की तेजोमेघ (वायू आणि धुळीचे उजळ ढग) आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) मोठ्या दुर्बिणीतूनही विरून जातात. त्या रात्री चंद्रसुद्धा फारसा बघण्यासारखा नसतो, कारण सूर्यप्रकाश त्याच्यावर समोरून पडतो, विवरांच्या सावल्या पडत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं. मी पहिल्यांदा गेले ती पौर्णिमेलाच, चंद्र छान मोठा दिसेल म्हणून, आणि डोळे दिपण्यापलीकडे हाती काही लागलं नाही. विवरं बघायची असतील तर शुक्ल अष्टमीच्या आगेमागे जा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर तेव्हा डोंगरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. देवयानी दीर्घिका किंवा मृगातला तेजोमेघ हवा असेल तर अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस धरा. दोन्हींचा मोह असेल तर अष्टमीला उशिरापर्यंत थांबायची परवानगी आहे का ते विचारा, कारण त्या दिवशीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो.

मग त्या रात्री आकाशात आहे काय, ते शोधा. स्टेलेरियमसारख्या आकाशाच्या मोफत संगणकीय नकाशात तारीख आणि वेळ टाकली की झालं. शनी बघायला निघालेल्या मुलांना शनी पहाटे तीनला उगवणार आहे हे तिथे जाऊन कळलं, तर फार वाईट वाटतं. शनीच्या कड्यांबद्दलही आधी माहिती असू द्या. २०२५ मध्ये त्या पृथ्वीवरून अगदी कडेने, रेषेसारख्या दिसल्या. साधारण दर पंधरा वर्षांनी असं होतं. पुढची काही वर्षं त्या हळूहळू उघडत जातील. गुरू असेल तर त्याचे चार मोठे चंद्र नक्की बघा. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत पाहिलेले हेच ते चार. शक्य झालं तर दीड-दोन तासांनी पुन्हा रांगेत उभे राहा, त्यांच्या जागा बदललेल्या दिसू शकतात.

निघण्याआधी वेधशाळेला फोन कराच. नोंदणी लागते का, सूर्यदर्शन त्याच दिवशी आहे की वेगळ्या दिवशी, ढग आले तर कार्यक्रम रद्द होतो की आत व्याख्यान असतं, घुमटापर्यंत जिने किती. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर हा शेवटचा प्रश्न विसरू नका. मोठ्या दुर्बिणीची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, कधीकधी शिडीवर चढल्याशिवाय डोळ्याला येत नाही.

सूर्यदर्शनाला शक्यतो सकाळची वेळ घ्या. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि सूर्यबिंबाची कडा उकळल्यासारखी हलते. डोक्यावर टोपी, सोबत एक गडद रंगाचं मोठं फडकं. हे फडकं यादीत बघून लोक चकित होतात, पण डोकं आणि नेत्रिका त्याखाली झाकून घेतली की बाजूचा उजेड अडतो आणि सूर्याच्या कडेवरचे अगदी फिके तपशीलही उठून दिसतात. बहुधा दोन प्रकारच्या दुर्बिणी असतील. एकीच्या तोंडावर असा फिल्टर असतो की सूर्याचा साधारण एक लाखांश प्रकाशच आत येतो. तिच्यातून डाग दिसतात, मधे काळा गाभा, भोवती राखाडी किनार. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस असतो आणि डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणूनच ते काळे भासतात. तिथलं प्रबळ चुंबकीय क्षेत्र खालून येणारी उष्णता रोखून धरतं. हे क्षेत्र अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये दाखवून दिलं. दुसरी दुर्बीण हायड्रोजनचा एकच लाल रंग, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, तेवढाच आत घेणारी. तिच्यात कडेवरून उसळलेल्या ज्वाला दिसतात, आणि त्यातली लहानशी दिसणारी ज्वालाही पृथ्वीहून मोठी असू शकते. डाग वाढण्या-घटण्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं असतं. २०२४ च्या सुमारास त्यांची गर्दी होती, पुढे ती ओसरत जाईल. एखाद्या दिवशी बिंब कोरं निघालं तर नाराज न होता दुसऱ्या दुर्बिणीच्या रांगेत जा.

सूर्याच्या बाबतीत एक गोष्ट लहान मुलांना घरीच, शांतपणे आणि दोनदा सांगा: तिथल्या माणसाने 'बघ' म्हटल्याशिवाय कुठल्याही नळीला डोळा लावायचा नाही आणि कुठलंही झाकण काढायचं नाही. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या थराला, वेदना कळत नाहीत. तो भाजत असताना काहीच जाणवत नाही, काही तासांनी नजर अंधुक होते तेव्हा कळतं, आणि ती इजा कायमचीही असू शकते. घरची द्विनेत्री (बायनॉक्युलर) न्यायची असेल तर रात्रीसाठीच न्या, दिवसा ती पिशवीतून बाहेर काढू नका. ग्रहणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो. तो घालून द्विनेत्रीतून सूर्य पाहिला तर एकवटलेला प्रकाश त्या पातळ पडद्याला जाळून डोळ्यात शिरेल.

सूर्य बघून झाला की संध्याकाळपर्यंत गडद गॉगल घालून राहा किंवा सावलीत थांबा. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. दिवसभर कडक उन्हात काढला तर त्या रात्री डोळे अंधाराला उशिरा सरावतात आणि पुरते सरावतही नाहीत. बाकी वेळी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. दृष्टिपटलातल्या दंडपेशींमध्ये, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशींमध्ये, ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य हळूहळू साठतं आणि मग एकेक फिका तारा उमटू लागतो. मोबाईलच्या पडद्याकडे एकदा बघितलंत की ही सगळी कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ती फक्त तुमची जात नाही, रांगेतल्या सगळ्यांची जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून छोटी लाल विजेरी घ्या. नसेल तर साध्या विजेरीच्या काचेवर लाल पारदर्शक कागदाचे तीन-चार पदर रबराने बांधा. मंद लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ जाणवत नाही. गाडीतला दिवा बंद करून ठेवा, फोनचा फ्लॅश बंद करा, लेझर घरीच राहू द्या. आणि उजेड असतानाच पोचा, म्हणजे हेडलाइटचा झोत कुणावर पडणार नाही.

कपडे वाटतात त्याहून जास्त घ्या. घुमट उघडा असतो आणि तो गरम करत नाहीत, कारण ऊब वर चढली की प्रतिमा थरथरते. तासभर एका जागी उभं राहिलं की गारठा पायांतून वर येतो, तेव्हा मोजे आणि बंद बूट. डासांचं औषध दुर्बिणीपासून लांब, आधीच लावून या आणि हात पुसा, कारण त्यातली रसायनं भिंगावरच्या लेपाला आणि प्लास्टिकला अपाय करतात. काजळ-मस्कारा नको, तो नेत्रिकेवर उतरतो आणि पुढच्या माणसाला धुकं दिसतं. चष्मा नुसता जवळचा किंवा लांबचा असेल तर काढून बघा आणि फोकस जुळवून मागा, वक्रदोष (सिलिंड्रिकल नंबर) असेल तर मात्र चष्मा असू द्या.

नेत्रिकेला डोळा लावताना हात मागे. नळीला आधार घेतला की ग्रह दृष्टीआड जातो. आणि घाई करू नका. रांग मोठी असली तरी निदान अर्धा मिनिट डोळा तिथेच ठेवा, कारण हवा मधूनच क्षणभर स्थिर होते आणि त्या क्षणी गुरूवरचे पट्टे स्पष्ट होतात. मृगातला तेजोमेघ फोटोतल्यासारखा गुलाबी दिसणार नाही. मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जाग्या होत नाहीत, त्यामुळे राखाडी, फार तर किंचित हिरवट धूर दिसेल. मुलांना हे आधी सांगितलं असेल तर त्या धुराचा प्रकाश १३०० वर्षांपूर्वी निघालेला आहे हे कळल्यावर ती गप्प होऊन बघतात. फिकी वस्तू बघताना नजर थेट न रोखता जरा बाजूला ठेवा, दंडपेशी तिथे दाट असतात. रंगच हवे असतील तर हंसाच्या चोचीतला जोडतारा मागा, एक सोनेरी, एक निळसर. चांदण्या रात्रीही तो दिसतो.

वही आणि पेन्सिल मी कधीच विसरत नाही. घरूनच वाटीभोवती गोल काढून नेते आणि सूर्याचे डाग त्यात मांडते, शेजारी तारीख आणि वेळ लिहिते. पृथ्वीवरून बघता सूर्याला एक फेरी पुरी करायला साधारण २७ दिवस लागतात, म्हणजे आज पश्चिम कडेशी पोचलेला डाग टिकलाच तर दोनेक आठवड्यांनी पूर्व कडेवर उगवेल. वेधशाळेच्या पुढच्या सूर्यदर्शनाची तारीख मी त्याच पानावर लिहून घेते.